चढावरच्या रस्त्यासाठी किट का कापावी लागली: ठाण्यातल्या मॉडेल वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं: मॉडेल रेल्वेच्या बोर्डासाठी, विटांच्या भिंती असलेल्या छोट्या दुकानांची तीन महागडी इंपोर्टेड किट आमच्याकडे जोडायला दिलीत. बॉक्सवरच्या चित्राप्रमाणे जोडायची सोडून आम्ही ती करवतीने कापली. बाजूच्या दोन भिंती गायब आहेत. घरं बोर्डाला चिकटवलेलीसुद्धा नाहीत, हात लावला की उचलून येतात. शिवाय मजुरी किटच्या किमतीच्या वर गेली. म्हणून दोन स्टार.

राग समजतो. इतक्या लांबून मागवलेली, कस्टम ड्युटी भरून सोडवलेली वस्तू कुणी कापली म्हटलं की जीव खालीवर होणारच. पण चढावरचा रस्ता करायचा विचार असलेले इतर लोकही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी वॉल्थर्स असो वा डीपीएम, अमेरिकन दुकानांच्या बहुतेक किटमध्ये चारही भिंतींच्या खालच्या कडा एका पातळीत असतात. ती सपाट टेबलावर उभी राहायला बनवलेली असतात. तुम्हाला हवा होता पिट्सबर्गसारखा डोंगराला बिलगून चढणारा रस्ता. बोर्डावर तो १० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर चढतो. पहिल्या दुकानाचं तोंड १३० मिलिमीटरचं, म्हणजे त्याच्या दोन कोपऱ्यांत १३ मिलिमीटरचा फरक. तुमचं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं (१:८७), तेव्हा खऱ्या मापात हा फरक १.१ मीटरहून थोडा जास्त होतो. माणसाच्या कमरेइतका. बॉक्समधलं दुकान जसंच्या तसं तिथे ठेवलं तर एक तर ते कलतं, नाही तर त्याचा खालचा कोपरा हवेत राहतो.

कललेलं घर चालत नाही. रस्ता कितीही चढा असो, गवंडी भिंत ओळंब्यातच, म्हणजे सरळ उभी करतो आणि विटांचे थर पाणसळीतच, म्हणजे आडव्या पातळीत लावतो. १:८७ मध्ये विटेचा एक थर जेमतेम एक मिलिमीटरचा, पण भिंतभर अशा कितीतरी आडव्या रेघा असतात. त्या जराशा तिरक्या झाल्या की लांबूनही डोळ्याला खटकतात. जमीन मात्र त्या रेघांना तिरकी छेदत गेली तर काहीच खटकत नाही, कारण खऱ्या उतारावर तसंच दिसतं. कळव्याहून मुंब्र्याकडे स्लो लोकलने जाताना पारसिकच्या डोंगरावरची घरं बघा. वरच्या बाजूला उंबरा जमिनीला टेकलेला, खालच्या बाजूला पुरुषभर उंच जोतं. पिट्सबर्गमध्ये दगडविटांचा पाया असतो, आपल्याकडे जांभा किंवा आरसीसी, पण हिशोब तोच.

टेकडी कापून प्रत्येक घराखाली सपाट खाच करणं हा दुसरा मार्ग, आणि तुम्ही तो सुचवलाही होता. रस्त्यापासून मागे सरकलेले बंगले असतील तर तो चालतो. रस्त्याला लागून दुकानं असली की चालत नाही, कारण वरच्या बाजूची शोकेस फुटपाथखाली गाडली जाते. मग त्या दुकानात गिऱ्हाईक शिरणार कुठून?

म्हणून प्रत्येक घराचा निर्णय त्याच्या दारावरून घेतला. पहिल्या दुकानाचं दार मधोमध आहे. तिथे भिंत कापलीच नाही. वरच्या कोपऱ्याला पातळी धरली आणि खाली स्टायरीनच्या (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) पत्र्यावर दगडाचे सांधे कोरून शून्यापासून १३ मिलिमीटरपर्यंत वाढत जाणारं जोतं दिलं. दार फुटपाथपासून साडेसहा मिलिमीटर वर गेलं, म्हणून तीन पायऱ्या लावल्या. एकेक पायरी साधारण १९ सेंटिमीटरची पडते, चढायला योग्य. दुसऱ्या दुकानाचं दार खालच्या टोकाला आहे. तिथे पहिल्यासारखंच केलं असतं तर दार लोंबकळलं असतं. म्हणून पातळी दाराला धरली आणि भिंतीची खालची कड रस्त्याच्या चढाप्रमाणे तिरकी कापली. शोकेसखालची पट्टी वर जाताना निमुळती होते ती त्यामुळे. तुम्ही फोटोत गोल करून दाखवलेली ‘वेडीवाकडी कापलेली’ कड तीच. तिच्याशेजारी फुटपाथ ठेवून बघा, दोन्ही एका रेषेत आहेत.

आता गायब भिंतींबद्दल. हा या कामाचा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. तुमची तिन्ही घरं एकमेकांना चिकटून वर चढत जातात. वरचं घर उंच असल्यामुळे खालच्या घराची त्या बाजूची भिंत पूर्ण झाकली जाते, कुठूनच दिसत नाही. अशा दोन भिंती होत्या. दुसरीकडे, तुमच्या लेआउटवर या घरांच्या पाठी रुळांकडे, म्हणजे बघणाऱ्याच्याच तोंडासमोर आहेत, आणि रस्त्यापासून रुळांपर्यंत जमीन आणखी खाली उतरते. समोरून दोन मजली असलेलं तिसरं घर मागून तीन मजली दिसायला हवं. तो खालचा मजला, साडेचौतीस मिलिमीटरचा, बॉक्समध्ये नसतो. तो आम्ही त्या दोन झाकलेल्या भिंतींमधून काढला. त्याच किटची वीट, तोच थर, तोच पोत. वेगळा विटांचा पत्रा आणून लावला असता तर सांध्यावर थर जुळले नसते. काढलेल्या भिंतींच्या जागी आत साधं जाड स्टायरीन बसवलं आहे, म्हणजे घर काटकोनात राहतं. तेव्हा तुमच्या भिंती लेआउटवरच आहेत. तिसऱ्या घराच्या मागच्या बाजूला सर्वात खालचा मजला बघा.

घरं चिकटवली नाहीत ती मुद्दाम. आत दिवे आहेत, ते कधी ना कधी जाणार. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लायवुडचा बोर्ड थोडा फुगतो. घट्ट चिकटवलेल्या घराचा सांधा अशा वेळी उघडू शकतो. म्हणून घरं पिनांवर बसवली आहेत आणि जोत्याची कड जमिनीच्या दोन मिलिमीटर खाली उतरवली आहे. त्यामुळे घराखाली काळी फट दिसत नाही आणि दिव्याचा उजेडही बाहेर सांडत नाही.

रस्ता आगगाडीपेक्षा इतका चढा कसा, असंही तुम्ही विचारलंत. रूळ आणि रस्ता यांची तुलना होत नाही. बोरघाटात मुख्य लाइनचा चढ १:३७ आहे आणि तोच अवघड समजला जातो. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान लाइन १:२० पर्यंत जाते. पिट्सबर्गमधली कॅन्टन अव्हेन्यू मात्र ३७ टक्के चढते, आणि ती रोजच्या वापरातली गल्ली आहे. तुमचा १० टक्क्यांचा रस्ता त्यामानाने सौम्यच.

मजुरी किटपेक्षा जास्त झाली, हे खरं. किट नुसतं जोडायचं असतं तर मीच तुम्हाला सांगितलं असतं की घरी जोडा, पैसे कशाला घालवता. इथे आधी तिन्ही घरांचे पुठ्ठ्याचे नमुने करून ते टेकडीवर ठेवले, तुम्ही येऊन पाहिलेत, तिसरं घर थोडं मागे सरकवायला सांगितलंत. त्यानंतरच प्लॅस्टिकला करवत लावली. प्रत्येक कापाला कानस, मग कोरडं जुळवणं, मग प्लॅस्टिक जोडणारं सॉल्व्हंट. हे काम घाईत होत नाही, आणि घाईत मी ते करणारही नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करून देतो. बॉक्सवरच्या चित्रातली छपरावरची पाटी तुम्हाला हवी होती. चढामुळे ती शेजारच्या भिंतीआड जाते म्हणून लावली नव्हती. ती पाटी, धुराडी आणि उरलेला प्रत्येक तुकडा तुमच्या नावाच्या पाकिटात जपून ठेवला आहे. पहिल्या दुकानाच्या छपरावर पाटी दिसेल अशी जागा आहे, तिथे बसवू. त्याचे पैसे घेणार नाही.

येताना पूर्ण बोर्ड आणायची गरज नाही, पहिलं दुकान तेवढं आणा. काढताना छपराला धरू नका. जोत्याला दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचला आणि त्याआधी बोर्डाखालचा दिव्यांचा प्लग काढून ठेवा.