लोकप्रिय सेनापती व्हायचंय? आधी घोडा घ्या

लष्करातून राजकारणात उतरायचं मनात असेल तर लढाई जिंकण्याच्या फंदात पडू नका. घोडा घ्या. काळा, उमदा. फ्रान्सचे युद्धमंत्री जनरल बूलांजे १४ जुलै १८८६ च्या संचलनात असे मिरवले की राष्ट्राध्यक्षांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग शिपायांना दाढी ठेवू द्या, पहारेकऱ्यांच्या चौक्या निळ्या-पांढऱ्या-लाल रंगवून घ्या. जर्मनांकडून मार खाऊन आल्सास-लोरेन हे प्रांत गमावलेल्या देशाला तेवढ्या रंगातही सूड दिसतो.

कार्यक्रम? तीन शब्द पुरेत: विसर्जन, घटनादुरुस्ती, घटना समिती. संसद बरखास्त करून पुढे काय, हे सांगितलंत की संपलात. मोघम राहिलात तर मजुरांना तुमच्यात आपला कैवारी दिसेल, राजेशाहीवाल्यांना राजाला परत आणणारा गडी, आणि त्यांच्यातल्याच उझेसच्या डचेसबाई तीस लाख फ्रँक मोजतील. दोघांनाही सारखंच फसवलं की पक्षपाताचा आरोप उरत नाही.

सरकार घाबरून बदली करेल. आनंदाने जा. १८८७ मध्ये बूलांजेंना क्लेरमाँ-फेराँला धाडलं, तर पॅरिसकर गाडी अडवायला रुळांवर आडवे झाले. नोकरीतून काढलं तर दुधात साखर: वर्दीत निवडणूक लढवता येत नव्हती, आता येते! एक जागा जिंका, सोडा, दुसरीकडे उभे राहा. फक्त वकिलाशी द्वंद्व टाळा. पेशाने वकील, साठीला टेकलेल्या पंतप्रधान फ्लोकेंनी तलवारीने जनरलचा गळाच जखमी केला.

२७ जानेवारी १८८९. पॅरिसमध्ये ऐंशी हजारांहून जास्त मताधिक्य. रस्त्यावर गर्दी ओरडतेय, 'एलिझेवर चला!', म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या महालावर. इथे मात्र जायचं असतं हो. बूलांजे गेले नाहीत. प्रेयसी मार्गारितच्या ओढीने, असं म्हणतात. मला वाटतं, पुढच्या निवडणुकीत सत्ता आपसूक मिळेल असा त्यांचा हिशेब होता. हुकूमशहा व्हायला निघालेल्याने मतपेटीवर एवढा भरवसा ठेवावा, याला काय म्हणायचं?

गृहमंत्री काँस्ताँ जास्त हुशार. अटकेची नुसती कुजबुज त्यांनी जनरलच्या कानी जाऊ दिली, आणि जनरल पसार. मग एका उमेदवाराला एकच मतदारसंघ असा कायदा झाला, गैरहजेरीत शिक्षा झाली, शरदातल्या निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं.

तेव्हा पळू नका. अगदीच राहवलं नाही तर निदान तारीख नीट बघा. जनरलसाहेबांनी ब्रसेल्सची गाडी पकडली ती नेमकी १ एप्रिलला.