शुक्रवारचं वेळापत्रक कोण ठरवतं?

मोठा हिंदी चित्रपट आणि मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी आले की महाराष्ट्रात तोच वाद पुन्हा पेटतो. मराठीला शो मिळत नाहीत, मिळाले तर सकाळचे मिळतात आणि सोमवारपर्यंत तेही जातात. 2017 च्या डिसेंबरात हेच झालं. त्याआधी 2015 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावणं सक्तीचं केलं, तेव्हाही मुद्दा हाच होता. आधी संध्याकाळी सहा ते नऊ असं ठरलं, मग ओरड झाली आणि प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा झाला. कामाच्या दिवशी बाराच्या खेळाला नोकरदार माणूस येत नाही, त्यामुळे सक्ती कागदावर पुरी होते आणि खुर्च्या रिकाम्या राहतात.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात बसून हा वाद वाचताना वाटतं, की आपण सगळे भांडतो ते वेळेसाठी. ती वेळ ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ॲरिझोनातल्या एका घराण्याच्या थिएटरांचा नव्वदेक वर्षांचा इतिहास जवळपास सगळा याच एका प्रश्नाभोवती फिरला आहे. म्हणून तो मराठी वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

विशीही न ओलांडलेला ड्वाइट हार्किन्स सिनसिनाटीहून मोटरसायकलवर हॉलिवूडला निघाला आणि वाटेत टेम्पी गावात थांबला. लाल केसांमुळे सगळे त्याला रेड म्हणत. 1933 मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन भरात, त्याने तिथलं स्टेट थिएटर चालवायला घेतलं. 1940 मध्ये मिल ॲव्हेन्यूवर कॉलेज थिएटर बांधलं. ते आज व्हॅली आर्ट या नावाने चालू आहे. 1974 मध्ये रेड गेला. मुलगा डॅन याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी थिएटरं आली, तीही तोट्यातली. आज ॲरिझोना, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा या चार राज्यांत मिळून हार्किन्सचे पाचशेहून जास्त पडदे आहेत आणि मालकी अजून घरातच आहे.

ही वाढ पॉपकॉर्नवर किंवा मऊ खुर्च्यांवर झाली असं मानणं सोपं आहे. पण 1970 च्या दशकात या घराण्याची खरी अडचण वेगळी होती. त्यांना नवे चित्रपटच मिळत नव्हते. अमेरिकेत तेव्हा ‘स्प्लिट’ नावाची पद्धत होती. एका शहरातले थिएटरमालक आपसात चित्रपट वाटून घेत: हा तुझा, हा माझा, दुसऱ्याच्या चित्रपटावर आपण बोली लावायची नाही. या वाटणीत ज्याला जागा नाही त्याच्याकडे चित्रपट यायचा तो इतर थिएटरांत चालून शिळा झाल्यावर. हार्किन्सने मोठ्या साखळ्या आणि वितरकांवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. खालच्या कोर्टाने तो साक्षीपुराव्यापर्यंत जाऊच दिला नाही. 1988 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे ॲरिझोना ज्या विभागात येतं त्या विभागाच्या, अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि दावा पुन्हा उभा राहिला.

त्यामागे एक जुना आधार होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1948 च्या पॅरामाउंट निकालाने ‘ब्लॉक बुकिंग’ बेकायदा ठरवलं होतं. एक चित्रपट हवा असेल तर त्याच्यासोबत चार पडेल चित्रपटही घ्यायचे, ही अट स्टुडिओंना घालता येईना. एकेक चित्रपट, एकेका थिएटरसाठी, स्वतंत्र सौदा. ते निर्बंध 2020 मध्ये कोर्टाने उठवले, ब्लॉक बुकिंगपुरती दोन वर्षांची मुदत दिली आणि तीही 2022 मध्ये संपली. म्हणजे अमेरिकेतही आता छोट्या मालकाच्या डोक्यावरचं छप्पर पातळ झालं आहे. त्याची चुणूक 2017 मध्येच दिसली होती. डिस्नेने त्या वर्षीच्या ‘स्टार वॉर्स’साठी तिकीटविक्रीचा 65 टक्के हिस्सा मागितला, चार आठवडे सर्वांत मोठ्या पडद्यावर चित्रपट ठेवण्याची अट घातली आणि अट मोडली तर आणखी 5 टक्के. सोळा पडद्यांच्या मल्टिप्लेक्सला हे परवडतं. एकच पडदा असलेल्या गावात मात्र पहिल्या दहा दिवसांत येणारी सगळी माणसं येऊन जातात आणि उरलेले दिवस एसी रिकाम्या खुर्च्यांसाठी चालतो.

आता आपल्याकडे पाहा. 2012 च्या दिवाळीत अजय देवगण फिल्म्सने यशराज फिल्म्सविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. ईदचा चित्रपट हवा असेल तर दिवाळीचाही घ्या, अशी अट एकपडदा थिएटरांना घातली जाते, असं तिचं म्हणणं होतं. आयोगाने तक्रार फेटाळली. आपल्याकडच्या चर्चेत हे प्रकरण दोन नटांमधलं भांडण म्हणून रंगलं आणि विसरलं गेलं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या थिएटरांच्या दृष्टीने ते प्राइम टाइमच्या आदेशापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं. याच जातीची ‘सगळे खेळ आमचेच लावा’ ही अट एकदा मालकाने मान्य केली की त्याच्याकडे मराठी चित्रपटासाठी जागा उरतच नाही, मग त्याला मराठीचं कितीही प्रेम असो.

आणि प्रेमाची गरजही नाही, साधा हिशेब पुरेसा आहे. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला. तो मिटला तेव्हा ठरलेला वितरकाचा हिस्सा असा: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यापासून 30. दीडशे रुपयांच्या तिकिटातून 18 टक्के जीएसटी गेला की साधारण 127 रुपये उरतात. पहिल्या आठवड्यात थिएटरला त्यातले साडेत्रेसष्ट रुपये मिळतात, चौथ्या आठवड्यात 89. म्हणजे चौथ्या आठवड्यातले 72 प्रेक्षक पहिल्या आठवड्यातल्या शंभरांच्या तोडीचे. चांगला मराठी चित्रपट बहुतेक वेळा तोंडी प्रसिद्धीवर चढतो. पहिला शुक्रवार थंड, दुसरा रविवार गरम, तिसऱ्या आठवड्यात बायकांचे ग्रुप आणि सोसायट्यांची बुकिंगं. जो मालक तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत धरून ठेवतो, त्याचा गल्ला वाढतो. स्थानिक घराण्याचं थिएटर आणि मराठी चित्रपट यांचे हितसंबंध इथे एकत्र येतात. देशभराचं वेळापत्रक एका कचेरीत बसून ठरवणाऱ्या साखळीला पुण्याच्या सातारा रोडवरच्या सोमवारी संध्याकाळच्या गर्दीचा अंदाज बांधणं कठीण असतं. पीव्हीआर आणि आयनॉक्स 2023 मध्ये एक झाल्यापासून तर अशा कचेऱ्याही कमी उरल्या.

पुण्यात चाफळकर बंधूंचं सिटीप्राइड हे अशा घरच्या साखळीचं आपलं उदाहरण. त्यांच्या नावाचा एक निकाल करसल्लागारांना पाठ असतो, पण चित्रपटवाल्यांनीही तो वाचायला हवा. महाराष्ट्र सरकारने 2001 च्या सुमारास नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं फक्त 25 टक्के घ्यायचं ठरवलं. ही रक्कम उत्पन्न धरायची की भांडवल, यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये न्यायालयाने ती भांडवली ठरवली. कारण सवलतीचा हेतू थिएटर बांधून व्हावं हा होता, चालवायला मदत करणं हा नव्हता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपलं धोरण बांधण्यापुरतं आलं. बांधून झाल्यावर तीस वर्षं चालवायचं कसं, यासाठी काही आलं नाही. आधीपासून उभ्या असलेल्या एकपडदा टॉकीजना तर त्या सवलतीचा उपयोगच नव्हता.

जागेचा प्रश्न दोन्हीकडे तितकाच जुना आहे. फिनिक्समधलं सिने कॅप्री 1966 मध्ये उघडलं. वळणदार भव्य पडदा, सोनेरी पडदे, शहराचा अभिमान. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते हार्किन्सकडे आलं, पण जमीन दुसऱ्याची. लाखाहून जास्त सह्यांचं निवेदन निघालं, तरी 1998 मध्ये ते पडलं. पुण्याच्या प्रभातची गोष्टही याच जातीची: 1934 पासूनचं थिएटर, वास्तू किबे घराण्याची, चालवणारे वेगळे. 2014 च्या अखेरीस करार संपला आणि प्रभात हे नाव उतरलं. सुदैवाने तिथे पडदा राहिला, किबे लक्ष्मी या नावाने. फरक इतकाच, की हार्किन्सने 2003 मध्ये स्कॉट्सडेलला त्याच नावाने नवा भव्य पडदा उभा केला, कारण तोवर बाकीच्या थिएटरांतून तेवढा पैसा जमला होता. एकच थिएटर असलेल्याला ही मुभा नसते. पाच-सात थिएटरांची साखळी असली तर एक गेलं तरी घर उभं राहतं.

घराणं असलं म्हणजे टिकतंच, असंही नाही. सेंट लुईसची वेहरेनबर्ग साखळी 1906 पासून एकाच कुटुंबात होती. 2016 मध्ये ती मार्कस या दुसऱ्या साखळीने घेतली आणि मार्कसची सुरुवातही 1935 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावातल्या एका थिएटरने झाली होती.

थिएटर बंद पडण्याची सुरुवात बऱ्याचदा प्रोजेक्शन रूममध्ये होते. पडद्यावर साधारण 14 फूट-लँबर्ट (उजेड मोजायचं एकक) उजेड पडायला हवा. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याला उत्पादकाने ठरावीक तास दिलेले असतात. ते संपले तरी दिवा जळत राहतो, म्हणून पैसे वाचवायला तो चालू ठेवला जातो. उजेड हळूहळू निम्म्यावर येतो, रात्रीची दृश्यं काळीठिक्कर दिसतात आणि प्रेक्षक म्हणतात ‘मराठी सिनेमाचं फोटोग्राफीचं काम कच्चं’. जुना झालेला दिवा फुटला तर आतला आरसाही जातो आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. थ्रीडीसाठी बसवलेला चंदेरी पडदा साध्या चित्रपटालाही तसाच वापरला तर मधल्या खुर्च्यांना उजेडाचा गोळा दिसतो आणि कडेच्यांना अंधार. आवाजाचं तसंच. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो फाटला की माणूस बाजूचे स्पीकर वाढवतो, गाणी ढणढणतात आणि संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. यातलं काहीही मुख्य कचेरीतून दिसत नाही. मालक स्वतः मागच्या रांगेत बसून दहा मिनिटं पाहतो तिथे ते दिसतं.

पॉपकॉर्नवरही आपल्याकडे खूप भांडण झालं. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यावं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत सोडवला: मालक मनाई करू शकतो, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल. कायद्याच्या पलीकडे एक गोष्ट राहते. तिकिटातला मोठा वाटा वितरक नेतो, खाण्याचा सगळा पैसा थिएटरचा. त्यामुळे किमती चढतात. हार्किन्सने यावर शीतपेयाचा कप काढला: वर्षभरासाठी एकदा विकत घ्यायचा आणि प्रत्येक वेळी अगदी थोड्या पैशात भरून घ्यायचा. कप घरच्या ओट्यावर दिसत राहतो आणि माणूस पुढच्या चित्रपटाला त्याच थिएटरकडे वळतो. एकदा कमावण्यापेक्षा वर्षात आठदा येणारा प्रेक्षक मोलाचा, हे गणित नाशिकच्या मालकालाही जमेल. फक्त माल चांगला हवा. मक्याच्या दाण्यात साधारण 14 टक्के ओल असेल तर तो फुलतो. पोतं उघडं राहिलं की फिनिक्सच्या, किंवा एप्रिलमधल्या विदर्भाच्या, कोरड्या हवेत ती ओल उडते आणि भांड्याच्या तळाशी न फुटलेले दाणे साचतात. तेल वाढवून ते फुटत नाहीत. पोतं घट्ट बंद ठेवावं लागतं आणि दुपारचे पॉपकॉर्न रात्रीच्या खेळाला विकायचे नसतात.

महाराष्ट्रात घरची साखळी वाढवायची तर आणखी एक अडथळा आहे, त्याची चर्चा बाहेर कुठेच होत नाही. वितरणाचा नकाशा राज्य पुनर्रचनेच्या आधीचाच आहे. पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात, गुजरातसोबत, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाममध्ये. नाशिक, संभाजीनगर आणि अकोला इथे एकेक थिएटर असलेल्या कुटुंबाला एकाच चित्रपटासाठी तीन ठिकाणी बोलावं लागू शकतं, तीन वेगळ्या अटींवर.

परदेशातल्या मराठी मंडळांना या सगळ्याचा अनुभव लहान प्रमाणात येतो. इथे मराठी चित्रपट बहुधा रविवारच्या एका खेळापुरता लागतो. पूर्ण सभागृह ठोक भाड्याने घ्यायचं किंवा किमान रकमेची हमी देऊन टक्केवारीवर यायचं. चित्रपटाची डिजिटल प्रत आठवडाभर आधी येते, पण तिला उघडणारी किल्ली थिएटरच्या त्या विशिष्ट सर्व्हरसाठीच बनते आणि तिला सुरू-बंद होण्याची वेळ असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकतात, ॲरिझोनात सरकत नाहीत. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या लॅबने शेजारच्या राज्यांची ‘माउंटन टाइम’ ही वेळ धरून संध्याकाळी सहापर्यंतची किल्ली बनवली तर ती इथे पाचलाच संपते आणि साडेपाचचा खेळ लागत नाही. रविवारचे संध्याकाळचे पाच म्हणजे पुण्यात सोमवारची पहाटेची साडेपाच. फोन उचलायला कुणी नसतं. म्हणून शुक्रवारी रात्री, शेवटचा खेळ सुटल्यावर, पाच मिनिटांची चाचणी मागून घ्यावी. ज्या थिएटरच्या मॅनेजरला असा निर्णय स्वतः घेता येतो तिथेच ही चाचणी मिळते.

राज्य सरकारला खरंच काही करायचं असेल तर वेळेच्या सक्तीऐवजी कराराकडे पाहावं. प्रत्येक चित्रपटाचा करार लेखी आणि स्वतंत्र असावा. त्यात एका पडद्यावरच्या निम्म्याहून जास्त खेळांचा आग्रह धरता येऊ नये, आणि पुढच्या चित्रपटाची अट तर अजिबात नसावी. तीन-चार पडद्यांच्या, शंभर ते दोनशे खुर्च्यांच्या छोट्या थिएटरला दिवे, पडदे आणि स्पीकर बदलण्यासाठी दर काही वर्षांनी स्वस्त कर्ज मिळावं. मग पहिल्या शुक्रवारी मराठी चित्रपटाला दोनच खेळ मिळाले तरी चालेल. दुसऱ्या सोमवारी ते चार करण्याची मोकळीक मालकाला असली पाहिजे.