इम्युनिटीचा डबा आणि एआरटीची गोळी

माझं तालुक्याच्या गावात मेडिकल आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार. एआरटी सेंटरमधून महिन्याच्या गोळ्या फुकट घेऊन आलेला माणूस आमच्याकडे सात-आठशेचा 'इम्युनिटी'चा डबा मागतो. चिठ्ठी नसते, कुणा पाहुण्याने सांगितलेलं असतं. डब्यावर मार्जिन दणदणीत, त्यामुळे त्याला अडवायला कुणी जात नाही. मी अडवतो. धंद्याला नालायक म्हणा हवं तर.

आता बहुतेकांना टीएलडी ही तीन औषधं मिळून केलेली एकच गोळी मिळते. त्यातल्या डोल्युटेग्राव्हिरचं कॅल्शियम, लोह, झिंक यांच्याशी पटत नाही. पोटात एकत्र आले की औषध त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा, हीच मंडळी तिथे असतात. ॲसिडिटीवरची बरीच पातळ औषधंही यातच येतात. म्हणून गोळी त्यांच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर सहा तासांनी. कॅल्शियम-लोह भरल्या ताटावर गोळीसोबत चालतं, ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सवलत नाही. (गरोदर बाईंनी हे वाचून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. फक्त वेळ सेंटरवर विचारून घ्या.)

व्हिटॅमिनचा उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. टांझानियात एआरटी मिळत नसलेल्या गरोदर बायकांना बी, सी, ई जीवनसत्त्वं दिली, तेव्हा आजार सावकाश वाढला. २००४ साली ते छापून आलं. पण त्याच देशात एआरटी चालू असलेल्यांना मोठे डोस दिले तर साध्या डोसपेक्षा जास्त फायदा काही झाला नाही, उलट यकृताचे रिपोर्ट बिघडले आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दक्षिण आफ्रिकेत तर आरोग्यमंत्रीच बीट, लसूण, लिंबाचे गोडवे गात होत्या आणि सरकार एआरटीला चालढकल करत होतं. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजाने त्यात ३ लाखांहून जास्त जीव गेले.

मग अंगात ताकद कशी यायची? त्याच पैशात महिनाभराची अंडी, मटकी, शेंगदाणे येतात. ज्याच्या घरी तेवढेही पैसे नाहीत त्याला डबा विकणं मला तरी पाप वाटतं. अशा गरजूंना संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० रुपये मिळू शकतात, एचआयव्हीग्रस्त त्यात बसतात. टीबीही असेल तर उपचार चालू असेपर्यंत टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय योजनेचे महिना १००० वेगळे. पण गावात नाव फुटेल या धास्तीने कितीतरी जण अर्जच करत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, तरी ओळखीच्या कारकुनापुढे तो कागद सरकवायला हात धजत नाही. त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.