ताक सोडा, सोडा प्या म्हणे!

कापूस वेचणीच्या दिवसांत बचत गटाच्या व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज आमच्या आत्याबाईंपर्यंत पोचलाच. 'अंग ठणकतं कारण पेशींत लॅक्टिक अॅसिड नावाचं विष साठतं, त्यानंच सूज येते. दही-ताक बंद करा, रोज उपाशीपोटी चमचाभर खायचा सोडा घ्या, शुगरची गोळी थांबवा.' बाईंनी ताक सोडलं, सोडा धरला, गोळीही थांबवली. त्यांना बीपी आहे!

म्हणून आधी सोड्याचं बघू. एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे मिठातलं बीपी वाढवणारं तेच, पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि आपल्याकडे ठेचा-लोणचं वेगळंच. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, फुप्फुसं आणि किडन्या 7.35 ते 7.45 मध्येच धरून ठेवतात. सोड्याला तिथं कोणी विचारत नाही.

ताकाचं तर हसूच येतं. पेलाभर ताकात लॅक्टिक अॅसिड असून असून एक-दोन ग्रॅम. माणूस नुसता खाटेवर पडून राहिला तरी शरीर दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर लॅक्टेट (लॅक्टिक अॅसिडचंच शरीरातलं रूप) बनवतं आणि वापरूनही टाकतं. हृदय ते जाळतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. वेचणीसारख्या संथ कामात ते फारसं वाढत नाही, वाढलं तरी तासाभरात उतरतं. कंबर धरते दुसऱ्या दिवशी, ती स्नायूंच्या बारीक इजेनं.

राहिली सूज. 2019 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओ यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. उंदरांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, चवताळल्या की भराभर साखर फोडतात आणि आत लॅक्टेट साठतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर लॅक्टेटपासून आलेली खूण बसते आणि काही तासांनी दुरुस्तीची जनुकं चालू होतात. पेटलेल्या पेशीला 'आता आवर' असा घरातूनच निरोप! सगळीकडे असंच होतं असं नाही. संधिवाताच्या सांध्यात लॅक्टेट सूज टिकवायलाही हातभार लावतं. पण मेसेजवाल्याला एवढं कुठं ठाऊक?

गोळीत मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागतं. किडनी फार खराब असेल तर मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं क्वचित रक्तात लॅक्टिक अॅसिड धोकादायक वाढतं. म्हणून तर डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. आत्याबाईंचं ठीक आहे. गोळी पुन्हा सुरू केली आहे, सोड्याचा पुडा मी उचलून आणला.