मणक्याच्या ‘नासा मशीन’वाल्या मेसेजला उत्तर

दिवाळी झाली, कापसाच्या वेचणीला जोर आला, की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. कंबरदुखी, सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ), दोन मणक्यांमधली गादी सरकणं, मणक्यातला गॅप, या सगळ्यावर ‘डीकम्प्रेशन’ची मशीन आली आहे. तंत्र नासाचं, मान्यता एफडीएची, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याची. हे साधं ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणण्याचा जुना उपचार, नाही. वीस सिटिंगमध्ये गादी जागेवर, यश ८६ टक्के. आणि ऑपरेशन केलं तर माणूस कायमचा बसतो, म्हणून आधी इकडे या. खाली एक फोन नंबर आणि तीस हजारांची ‘ऑफर’.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ही ऑफर चार क्विंटल कापसाची झाली, तीही हमीभाव पदरात पडला तर. म्हणून हा मेसेज नुसता पुढे ढकलण्यापेक्षा एकदा नीट वाचून पाहू.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करतो. ट्रॅक्शनचा टेबल माझ्याकडेही आहे आणि बहुतेक वेळ त्यावर धुतलेल्या चादरींच्या घड्या असतात. हे धंद्याच्या चढाओढीतून लिहिलंय असं कोणाला वाटलं, तर वाटो.

सुरुवात ‘हे ट्रॅक्शन नाही’ इथूनच करतो, कारण बाकीचा डोलारा याच एका वाक्यावर उभा आहे. मशीनवर काय होतं ते पाहा. टेबल दोन भागांत असतो. एक पट्टा छातीच्या खाली बरगड्यांवर आवळतात, दुसरा कमरेच्या हाडांवर. मोटर सुरू झाली की खालचा भाग सरकतो, कंबर ताणली जाते, थोडा वेळ ताण राहतो, मग सैल पडतो, पुन्हा ताण. साधारण अर्धा तास असं चालतं. ताण कधी किती द्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होत राहते आणि पेशंट ती रेघ बघत पडून असतो. जुन्या टेबलावर वजनं लटकवायचे, इथे मोटर आहे. ताणण्याची कल्पना मात्र हिपोक्रेटीसच्या काळाइतकी जुनी. त्यानेही माणसं फळीवर बांधून ताणली होती.

आता गंमत एफडीएची. अमेरिकेत नवीन औषध विकायचं तर ते गुणकारी आहे हे रुग्णांवर सिद्ध करावं लागतं. या मशीन त्या वाटेने बाजारात आल्या नाहीत. त्या आल्या दुसऱ्या दाराने: ‘आमची वस्तू बाजारात आधीपासून असलेल्या अमुक वस्तूसारखीच आहे’ एवढं दाखवलं की विक्रीची परवानगी मिळते. आणि ही आधीची वस्तू कोणती? मोटरवर चालणारं ट्रॅक्शनचं उपकरण. एफडीएच्या वर्गवारीत या मशीन त्याच रकान्यात आहेत. म्हणजे सरकारदरबारी सांगायचं ‘आम्ही ट्रॅक्शनच’ आणि पेशंटला सांगायचं ‘हे ट्रॅक्शन नव्हेच’. दोन्हीकडून फायदा.

ट्रॅक्शन म्हटलं की त्यावरचा सगळा पुरावाही लागू होतो, आणि तो चांगला नाही. २०१३ साली कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्ण एकत्र तपासले गेले. नुसतं ट्रॅक्शन असो की इतर उपचारांच्या जोडीने, पायात कळ असो वा नसो. दुखणं, हालचाल आणि कामावर परतणं यांत फरक नाही किंवा नगण्य. कोणता उपचार द्यावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०१६ साली कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊच नका असं लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही ट्रॅक्शन नको त्या यादीत आहे.

‘पण ते जुन्या टेबलाचं, आमची मशीन वेगळी’ असं सेंटरवाले म्हणतील. म्हणून कॉम्प्युटरच्या मशीनवरचीच एक चाचणी सांगतो. नेदरलँड्समध्ये ६० रुग्णांचे दोन गट केले, ती २००९ साली छापून आली. एका गटाला मशीनचा पुरा ताण. दुसऱ्याला तीच मशीन, तेच पट्टे, पण ताण नावापुरता. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि दोघांत फरक निघाला नाही. मला या विषयात सगळ्यात बोलकी वाटते ती हीच चाचणी. ‘मले तर आराम पडला, मग मशीन खोटी कशी?’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. आराम खरा असतो. तो ताणामुळे पडला, हे खरं नसतं. व्यायामाच्या जोडीला मशीन दिली तर पायाच्या कळेला थोडा जास्त फायदा होतो असं सांगणारे काही छोटे अभ्यासही आहेत, ते मी लपवत नाही. पण त्या भरवशावर कोणाला चार क्विंटल कापूस विकायला लावणार नाही.

८६ टक्क्यांचं म्हणाल तर असे आकडे जिथून येतात त्या अभ्यासांत तुलनेचा गटच नसतो. मशीनवर झोपवलेल्यांतले किती बरे झाले एवढंच मोजायचं आणि न झोपवलेल्यांतले किती झाले हे विचारायचंच नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेतात. त्याचा हिशेब असाच ठेवला, तर तोही ८६ च्या आसपास जाईल.

नासाचा दावा पटकन आटोपतो. अवकाशात वजन नसल्यामुळे माणसाच्या मणक्यावरचा भार जातो, गाद्या फुगतात, उंची काही सेंटिमीटरने वाढते, हे खरं आहे. मेसेज इथेच थांबतो. पुढचं असं की तिथे अनेकांना कंबर दुखते, आणि नासानेच आपल्या अंतराळवीरांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांच्यात गादी सरकण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त निघालं. मणक्यावरचा भार काढणं म्हणजे औषध, हे नासाच्या अनुभवातून तरी निघत नाही.

‘गादी जागेवर बसते’ याला थोडा वेळ द्यायला हवा, कारण सेंटरवाले आधीचा आणि नंतरचा एमआरआय शेजारी-शेजारी ठेवून दाखवतात आणि माणूस विरघळतो. गादीचा बाहेर आलेला भाग मशीनने आत ओढला जात नाही. शरीर स्वतःच तो हळूहळू खाऊन टाकतं, पेशी येऊन त्याची विल्हेवाट लावतात. २०१५ सालच्या एका आढाव्यात तुटून वेगळा पडलेला तुकडा ९६ टक्के लोकांत आपोआप आक्रसला, मोठा बाहेर आलेला भाग ७० टक्क्यांत, आणि नुसता फुगवटा १३ टक्क्यांत. जितकं जास्त बाहेर, तितकी विरण्याची शक्यता जास्त. रिपोर्ट वाचून रडणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. दुसरं म्हणजे, काहीच न दुखणाऱ्यांचा एमआरआय काढला तरी विशीतल्या सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांत गादीचा फुगवटा दिसतो. फोटोत आहे म्हणून दुखण्याचं कारण तेच, असं नसतं.

मग वीस सिटिंगनंतर हलकं काहून वाटते? सहा आठवडे लोटलेले असतात, आणि तेवढ्यात बहुतेकांची नवी दुखणी अशीही ओसरतात. पण माझ्या मते आपल्याकडे खरी गोष्ट दुसरीच आहे. वेचणीला जाणारी बाई दिवसभर कमरेतून वाकलेली असते, गुडघे ताठ, पोटाला कापूस भरायची ओटी बांधलेली. ओटी भरत जाते तसा भार पुढे ओढतो आणि किलोवर मजुरी म्हणून ती अर्धवट रिकामी करायला कोणी जात नाही. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. एका बाजूचा पट्टा तुटलेला असतो, त्याला सुतळीची गाठ, आणि सगळं ओझं एकाच खांद्यावर तिरपं. ही बाई किंवा हा माणूस मशीनसाठी एसटीने जिल्ह्याला जातो, तेव्हा सहा आठवडे वेचणी बंद, पंप बंद. आराम पडला नसता तरच नवल. आणि पैसे फेडायला पुन्हा त्याच वावरात, त्याच ओटीसकट.

यापेक्षा ओटी अर्धी झाली की रिकामी करणं, पंपाला दोन धड पट्टे, मधेमधे सरळ उभं राहून मागे वाकणं, शेक, दुखणं जास्त असेल तेवढे दिवस डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि शिकवलेले व्यायाम नेटाने करणं बरं. खाटेवर पडून राहू नका, चालते-फिरते राहा. दिसायला साधं आहे, म्हणून कोणी पॅकेज करून विकत नाही. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी मिळते, सेवाग्रामला आहे, गडचिरोलीच्या शोधग्रामात मणक्याची ओपीडी भरते.

आता ऑपरेशनचं भय. बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, त्यामुळे ‘मशीन की ऑपरेशन’ ही निवडच खोटी. ज्यांची पायाची कळ थांबतच नाही त्यांच्याबद्दल नेदरलँड्समध्येच २८३ रुग्णांची चाचणी झाली, २००७ साली छापली. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला; वर्षभरानंतर थांबलेले आणि ऑपरेशन केलेले साधारण सारखेच होते. थांबलेल्यांतल्या सुमारे ३९ टक्क्यांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं, हेही सांगायला हवं. ऑपरेशन म्हणजे माणूस बसलाच, हे त्यातून कुठेही दिसत नाही.

मेसेजमध्ये एक ओळ मात्र कधीच नसते: मशीनवर कोणाला झोपवू नये. हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, पडून मणका पिचलेले, गरोदर बाया, कॅन्सर होऊन गेलेले, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेले. रात्री वाढणारी कंबरदुखी, बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासायचा. आणि आपल्या विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरून चालत नाही. तरुण पोरगा कमरेच्या, खुब्याच्या हाडांत कळा येतात म्हणतो, घरचे गादी सरकली समजतात, आणि असते ती सिकलची कळ किंवा खुब्याचं हाड सुकत चाललेलं. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाय उचलेना, यातलं एक जरी झालं तरी ते सेंटरला फोन करायचं दुखणं नाही. त्यात नसेवरचा दाब तातडीने मोकळा करावा लागतो आणि उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. १०८ ला फोन लावा आणि त्याच दिवशी मेडिकल कॉलेज गाठा. सिटिंगचे पैसे भरलेले असले तरी.