चावी कोणाकडे राहणार ते आधी सांगा

गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीची सेवा बंद केली तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच धोशा चाललाय, परदेशी सॉफ्टवेअर हाकला, सगळं स्वदेशी करा. युरोपने निर्बंध लावले आणि आपल्या गुजरातेतल्या रिफायनरीची माणसं स्वतःची मेल उघडू शकेनात, हायकोर्टात जावं लागलं, मग ती सुरू झाली. राग मलाही आला. पण स्वदेशीचा शिक्का मारला की काम झालं हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मी स्टॉकहोमला राहतो, रोज ऑफिसला जाताना तुनेलबाना, म्हणजे इथली मेट्रो, टेक्निस्का होगस्कोलान स्टेशनला थांबते, केटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठाची पोरं चढतात उतरतात. त्या केटीएचची गोष्ट ग्रुपवाल्यांनी ऐकावी.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं कर्बेरॉस म्हणजे नेटवर्कवर पासवर्ड न पाठवता लॉगिन करून देणारं सॉफ्टवेअर, एकदा पासवर्ड टाकला की सर्व्हर तिकीट देतो आणि पुढे ते तिकीट चालतं. त्यात डीईएस नावाचं एन्क्रिप्शन होतं, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करायची पद्धत, आणि अमेरिकेच्या कायद्याने तेव्हा ते दारूगोळ्याच्या यादीत! म्हणून बाहेरच्या जगासाठी बोन्स नावाची सोललेली आवृत्ती निघाली, तिच्यातून एन्क्रिप्शन तर काढलंच पण ते जिथे जिथे वापरलं जायचं त्या ओळीसुद्धा उपटल्या. ऑस्ट्रेलियात एरिक यंग नावाच्या प्रोग्रामरने डीईएस स्वतः लिहून त्या ओळी परत बसवल्या, केटीएचवाल्यांनी ते पुढे नेलं आणि मग हाइमडाल हे आपलं स्वतःचं कर्बेरॉस लिहिलं, त्याचा सगळा कोड उघडा, म्हणजे कोणालाही वाचता-वापरता येणारा. २००० साली अमेरिकेने नियम सैल केले. आज कुठल्याही मॅकवर टर्मिनल उघडून केइनिटचं, म्हणजे कर्बेरॉसचं तिकीट मागणाऱ्या कमांडचं, व्हर्जन विचारा, हाइमडाल असं उत्तर येतं. अमेरिकन कंपनीच्या मशीनमध्ये स्टॉकहोमचा कोड!

आणि आपण काय केलं? परदेश्यांना कच्चंच एन्क्रिप्शन मिळावं म्हणून अमेरिकेने निर्यातीला ४० बिट लांबीच्या चावीची मर्यादा घातली होती, तोच ४० चा आकडा आपण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या (आयएसपी) लायसन्समध्ये घालून आपल्याच माणसांवर लादला, त्याच्या वर जायचं तर परवानगी काढा आणि चावी सरकारकडे जमा करा. २०१५ च्या सरकारी एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात तर मेसेज ९० दिवस साध्या मजकुरात जपून ठेवा असं होतं, ओरड झाल्यावर दोन दिवसांत मागे घेतला. इथे स्वीडनमध्येही सरकारला सिग्नल या मेसेजिंग ॲपचे मेसेज साठवून हवे होते, पण विरोध खुद्द लष्कराने केला. मायक्रोसॉफ्टकडची चावी काढून मंत्रालयाकडे दिली तर माझ्या आईची मेल जास्त सुरक्षित कशी होते, हे मला ग्रुपवर अजून कोणी सांगितलेलं नाही.

एकजण म्हणाला, भारताचा पासपोर्ट परत केलास ना, मग तिकडे बसून शिकवू नकोस. लागलं ते. मी पुण्याचा आहे, अमेरिका क्रे सुपरकॉम्प्युटर देईना म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ ला परम ८००० आला, त्याचा अभिमान घेऊन वाढलोय. बँकआयडी (इथलं डिजिटल ओळखपत्र), पर्सोननुमर (इथला ओळख क्रमांक) सगळं आहे माझ्याकडे, तरी हाइमडालच्या फाइलीत वरती केटीएचचं नाव वाचताना हे आपलं असं काही वाटत नाही. तिथे पुण्याचं नाव असलेला उघडा कोड मला हवाय, आणि तो लिहायला कोणी बसलं तर माझे सगळे शनिवार-रविवार त्यांचे.