‘उडव ना बे!’ ओरडणाऱ्या प्रत्येकासाठी

आता बोलायलाच पाहिजे. नागपुरात नाहीतर कामठीत, कुठल्याही मैदानावर पोरांची फुटबॉलची मॅच बघायला उभं राहा. स्टॉपरच्या, म्हणजे गोलकीपरसमोर मधोमध उभ्या बचावपटूच्या, पायाशी बॉल आला रे आला की साइडलाइनवरून एकच गलका सुरू होतो. “उडव ना बे!” “लंबा मार, लंबा!” “काय करून राहिला, भगाव ना तिकडे!” ओरडणाऱ्यांत पोरांचे बाप असतात, क्लबचे सिनियर असतात, आणि डोकं खरं कशाने फिरतं, तर बरेचदा सगळ्यांत मोठा आवाज कोचचाच असतो. पोरगं घाबरतं, मान खाली घालून बॉलला लाथ घालतं. बॉल चाळीस मीटर हवेत जातो आणि समोरचा स्टॉपर तो डोक्यावर घेऊन परत आपल्याच अंगावर पाठवतो. इकडे टाळ्या. “शाब्बास राजा!” शाब्बास कशाबद्दल? बॉल फुकटात देऊन टाकल्याबद्दल?

आणि दहा मिनिटांनी हीच माणसं कमरेवर हात ठेवून म्हणतात, “आपल्या फॉरवर्डले बॉलच नाही भेटून राहिला.” कुठून भेटेल? ज्याच्याकडून बॉल निघायचा, त्यालाच तुम्ही पास द्यायची बंदी करून ठेवली आहे!

मी वर्षानुवर्षं स्टॉपर खेळलो. आता संध्याकाळी पोरांना शिकवायला उभा असतो. हा ओरडा मी आत असतानाही ऐकला, बाहेर उभं राहूनही ऐकतो, आणि आता ऐकवत नाही.

मागच्या रविवारची गोष्ट. नववीतला पोरगा, डाव्या पायाचा, डावीकडचा स्टॉपर. गोलीने बॉल हाताने सरपटत त्याच्याकडे सोडला. बॉल पोचायच्या आधीच पोराने एकदा खांद्यावरून आणि एकदा समोर बघून घेतलं होतं. डाव्या पायाने बॉल असा घेतला की पहिल्याच टचला अंग मैदानाकडे वळलेलं. मग बॉल घेऊन पुढे निघाला, घाई न करता. त्यांचा फॉरवर्ड उजवीकडून तिरका आला, तर याने बॉल लांबच्या पायावर ठेवला, त्याला पाय घालायला जागाच दिली नाही. अजून पाचसात पावलं. आता त्यांच्या हाफला, म्हणजे मिडफिल्डच्या माणसाला, राहवेना. तो आमच्या हाफला सोडून याच्या अंगावर निघाला, आणि आमचा हाफ मधोमध मोकळा राहिला. पंधरा मीटरचा, जमिनीवरचा एक पास. पोराची मान वर होती, त्याला तो दिसला होता, पाय मागे गेला होता. तेवढ्यात, “अबे उडव!” पोरगा दचकला, तोच पाय बॉलखाली घातला आणि बॉल थेट थ्रोला. हाफटाइमला त्याला बाहेर बसवलं. मी कारण विचारलं. “मांगं लय डोकं लावते तो.”

डोकं लावतो! अहो, त्या जागेवर डोकंच तर लावायचं असतं.

जरा मैदान डोळ्यांसमोर आणा. कडेने धावणाऱ्या विंगरला त्यांचा कडेचा बचाववाला, बॅक, धरून असतो. फॉरवर्डला त्यांचे दोन स्टॉपर. हाफला त्यांचे हाफ. अकरा जणांत बॉल घेऊन समोर बघायला वेळ मिळतो तो बहुतेक वेळा दोघांनाच, गोलीला आणि स्टॉपरला. स्टॉपर बॉल घेऊन पुढे चालत आला की समोरच्यांना ठरवावं लागतं. त्याला अडवायला कोणी आलं, तर ज्याला सोडून आलं तो मोकळा. कोणीच आलं नाही, तर हा थेट मधल्या रेषेपर्यंत येतो आणि आपला एक माणूस मिडफिल्डमध्ये जास्त होतो. हल्ला इथून सुरू होतो. विंगरच्या ड्रिबलवर तुम्ही शिट्ट्या वाजवता, ते ड्रिबल करायला जागा कोणी करून दिली हे बघायला तुमची मान मागे वळतच नाही.

“हे सगळं टीव्हीवरच्या टीमचं, आपल्या पोरांचं नाही.” हे ऐकलं की तर अजून चीड येते. रात्र रात्र जागून टीव्ही बघता, लिव्हरपूलची जर्सी घालून मैदानावर येता, मग नक्की बघता काय? २०१९-२० मध्ये लिव्हरपूल इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा त्यांचे ८५ गोल होते. पुढच्या सीझनला ऑक्टोबरमध्ये व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये गोमेझ गेला, जानेवारी संपता संपता मॅटिपही गेला. तिन्ही स्टॉपर बाहेर. पुढे कोण होते? तेच सालाह, माने, फिर्मिनो. आणि गोल? ८५ वरून ६८. ज्या ॲनफिल्डवर, त्यांच्या घरच्या मैदानावर, लीगच्या ६८ मॅच कोणी हरवलं नव्हतं, तिथे ते लागोपाठ सहा हरले, आणि त्या सहा मॅचमध्ये मिळून एकच गोल केला, तोही सालाहने पेनल्टीवर. मैदान प्रेक्षकांविना होतं, हे मान्य. पण ते बाकी टीमनाही होतंच ना.

याचं कारण समजून घ्या, कारण तेच आपल्या मैदानावरही लागू आहे. व्हॅन डाइक डावीकडून उजवीकडे पन्नास मीटरचा तिरका बॉल थेट सालाहच्या पायात टाकायचा. तो पास बंद झाला. व्हॅन डाइक मागची जागा एकटा सांभाळू शकायचा, म्हणून दोन्ही बाजूंचे बॅक बिनधास्त विंगर होऊन पुढे जायचे. तो नसताना पुढे जायची भीती परत आली. आणि मागचं भोक बुजवायला फॅबिन्यो आणि हेंडरसन या मिडफिल्डच्या माणसांना स्टॉपर केलं, म्हणजे मिडफिल्डही मोडलं. मागचे दोघं बदलले तर पुढच्या तिघांचे गोल आटतात, हे अख्ख्या जगाने बघितलं. आपल्याकडच्यांनी तेव्हाही म्हटलं काय, तर “सालाह फॉर्मात नाही.” त्या सीझनला लीगमध्ये सालाहचे २२ गोल होते!

२०२३ ची चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूल. मँचेस्टर सिटीने इंटर मिलानला १-० ने हरवलं. सगळ्यांना रोड्रीचा गोल आठवतो. त्या गोलआधी बर्नार्डो सिल्वाला इंटरच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, पास कोणी दिला होता, विचारा. अकांजीने. स्टॉपर बॉल घेऊन तिथवर चालत गेला होता. त्याच टीममध्ये स्टोन्स, पक्का स्टॉपर, त्या सीझनला मिडफिल्डमध्ये जाऊन खेळत होता. तिथे साइडलाइनवर आपले लोक असते तर पहिल्या पाच मिनिटांत त्याचा घसा धरला असता.

नियम तरी माहीत आहेत का? १९९२ पासून आपल्याच माणसाने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलीला हातात घेता येत नाही. म्हणजे तेव्हापासून अडचणीत मागे देऊन सुटका करून घ्यायची सोय गेली आणि स्टॉपरला पायात खेळ असणं भाग झालं. २०१९ पासून गोलकिकचा नियमही बदलला, बॉल आता डीच्या आतच आपल्या माणसाला देता येतो. तरी परवा एक गृहस्थ रेफ्रीवर धावून जात होते, “बॉल डीच्या बाहेर नाही गेला, परत घ्या, परत घ्या!” पोरांनी बरोबर खेळलं होतं, रेफ्री बरोबर होता, आणि गृहस्थ इतक्या आत्मविश्वासाने ओरडले की पुढची प्रत्येक गोलकिक पोरांनी उडवूनच मारली. मोठ्यांचा आवाज असा चालतो. तो पोरांच्या पायात बेडी होऊन बसतो.

आता निवडीचं बघा. चाचणीला पोरं रांगेत उभी केली की कोच नुसत्या नजरेने वाटण्या करतो. बारीक, चपळ तो विंगर. ज्याला शूट आहे तो फॉरवर्ड. उंच, थोडा जड, थोडा हळू, “तू मांगं जा.” बस. बॉल पायात किती राहतो, मान वर असते का, दोन्हीकडे पास जातो का, काहीही बघायचं नाही. फाबिओ कॅनावारो जेमतेम पावणेसहा फूट होता. २००६ मध्ये इटलीचा कर्णधार म्हणून वर्ल्ड कप उचलला आणि त्याच वर्षीचा बॅलन डी’ओर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, नेला. माशेरानो त्याहून किंचित बुटका, मुळात मिडफिल्डचा माणूस. बार्सिलोनाचा कोच ग्वार्डिओलाने त्याला स्टॉपर केलं, आणि २०११ च्या वेम्बली फायनलमध्ये तो आणि पिके मागे असताना बार्सिलोनाने मँचेस्टर युनायटेडला ३-१ ने हरवलं. आपल्याकडे हे दोघं चाचणीला आले असते तर उंची बघूनच त्यांना मागच्या जागेवरून हटवलं असतं.

डाव्या पायाच्या पोराचं तर डोळ्यांदेखत वाटोळं करतात. डाव्या पायाचा दिसला की विंगवर ढकला, ठरलेलं. डावीकडच्या स्टॉपरला डावा पाय असणं किती मोलाचं आहे, हे कोणी सांगतच नाही. उजव्या पायाचा स्टॉपर डावीकडे उभा केला की बॉल आत ओढतो, अंग आत वळतं, डावा बॅक आणि डावा विंगर त्याला नीट दिसतच नाहीत, एक टच जास्त लागतो, आणि तेवढ्यात फॉरवर्ड अंगावर येतो. मग डावीकडून आपला हल्लाच होत नाही. विंगरला शिव्या बसतात आणि हाफटाइमला बदलतात विंगरला! रोग कुठे, औषध कुठे.

दुसरं, ते “मांगंच राहा रे!” स्टॉपर डीला चिकटून बसले आणि आपला फॉरवर्ड त्यांच्या डीजवळ उभा, तर मधे पन्नास मीटरचं रान मोकळं. तेवढ्या रानात दोन हाफ धावून धावून मरतात. कोच अरिगो साकीच्या एसी मिलान टीममध्ये मागचा शेवटचा आणि पुढचा पहिला यांच्यात सुमारे २५ मीटरचं अंतर ठेवायचं असा दंडक होता, आणि ती रांग पुढे ओढणारा माणूस होता फ्रँको बारेसी, स्टॉपर. १९८९ च्या युरोपियन कप फायनलला ४-० ने जिंकले, गुलिट दोन, व्हॅन बास्टन दोन. ते दोघं आपल्या अर्ध्यात परत न धावता ताजेतवाने राहिले, कारण मागचे पुढे सरकायला घाबरत नव्हते. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळीही जमीन भाजत असते. त्या उन्हाळ्यात पोरांना पन्नास मीटरच्या रानात बॉलमागे पळवायचं आणि मग म्हणायचं, “स्टॅमिना नाही आजकालच्या पोरात”?

मैदानाचं कारण मी ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे. आपली मैदानं उन्हाळ्यात खडकासारखी आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. जुलैत बॉल दोन मीटरवर रुतून बसतो, तेव्हा लांब खेळावंच लागतं. पण लांब पास आणि उडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१६ च्या युरोमध्ये बोनुच्चीने बेल्जियमविरुद्ध अर्ध्या मैदानावरून जॅकेरिनीला जो बॉल टाकला, तो लांबच होता, त्यावर गोल झाला. त्याने मान वर करून बघून टाकला होता. तुमच्या ओरड्यामुळे आमची पोरं मान खाली घालून मारतात, आणि कोणाकडे मारला हे त्यांनाही माहीत नसतं.

आणि हे काही परदेशी फॅड नाही. १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये भारताचा जर्नेल सिंग, आशियातल्या उत्तम स्टॉपरपैकी एक, डोक्याला जखम होऊन टाके पडलेले. कोच रहीम साहेबांनी त्याला सेमीफायनलला फॉरवर्ड खेळवलं, त्याने गोल केला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध परत फॉरवर्ड, परत गोल, २-१, सुवर्णपदक. ज्याला सगळं मैदान समोरून बघायची सवय असते त्याला गोल कुठून होतो हेही कळतं. आपल्याच देशाचा माणूस हा, आणि आपण स्टॉपरला भिंत म्हणून उभं करतो आणि विसरून जातो.

सरावाला येऊन बघा एकदा. तासभर शूटिंग चालतं. फॉरवर्ड, विंगर, हाफ रांगेत. स्टॉपर कुठे? गोलमागे, बॉल गोळा करायला. वर्षभर त्याला बॉल गोळा करायला लावायचा, दबावात बॉल घेणं, अंग उघडणं, तिरका पास, गोलीशी बोलणं, यातलं काही शिकवायचं नाही, आणि मॅचला त्याच्या पायाशी बॉल आला की म्हणायचं, याला जमत नाही, उडव. स्पर्धेच्या शेवटी बक्षीस ज्याचे गोल जास्त त्याला. मग कुठलं हुशार पोरगं आपणहून म्हणेल, सर, मला मागे खेळवा?

स्टॉपरच्या पायातून बॉल गेला आणि गोल बसला, तर बसू द्या. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांची मॅच आहे ती. ज्यांना ओरडल्याशिवाय राहवतच नाही, त्यांनी ओरडून निदान उपयोगाचं तरी सांगावं: “वेळ आहे”, “मागे माणूस आहे”, “डावीकडे मोकळा आहे”. आणि कोचसाहेबांना हात जोडून एवढंच, पुढच्या सरावाला गोलमागून त्या दोन स्टॉपरना आत बोलवा, अर्धा तास त्यांच्या पायात बॉल द्या, आणि बॉल आणायला फॉरवर्डांना पाठवा.